नायलॉनची साडी आणि डावा कान

मंगळवार, १५ मे १९७९. सकाळचे साडेनऊ. हजर: डॉक्टर, आपल्या खोलीत. कंपाउंडर गणपतराव, औषधांच्या खिडकीपाशी. शैला, पुढच्या टेबलावर नावं लिहून घेत. मी, तपासणीच्या खोलीत. खुर्चीवर कुमारी सुनंदा मेश्राम, वय वीस, राहणार सक्करदरा. दाराबाहेरच्या बाकावर तिची आई वत्सलाबाई.

हे मी आठवणीतून लिहीत नाही. माझ्या वहीत आहे. मी सगळ्याच्या वह्या ठेवते आणि त्याबद्दल घरी आणि दवाखान्यात माझी पुरेशी चेष्टा होऊन गेलेली आहे.

तर, मी हेडफोन सुनंदाच्या कानांना लावला, टच्च असा आवाज झाला आणि ती खुर्चीतून उडाली.

"मॅडम, करंट लागला!"

"काही होत नाही. नीट बस."

"नाही मॅडम, खरंच लागला. कानालेच लागला."

"लागला असेल. आता नाही लागणार. बस."

गेल्या आठ दिवसांतली ती पाचवी तक्रार. ती मी लिहून घेतली आणि पुढच्या कामाला लागले. तो सकाळचा प्रकार इथेच संपला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण वीस वर्षं झाली तरी माझ्या सख्ख्या नणंदेला ते नीट कळलेलं नाही. धंतोलीत एका कानाच्या डॉक्टरांकडे मी ऐकण्याची तपासणी करते. कानात बॅटरी मारून बघणं हे डॉक्टरांचं काम. माझं काम, माणसाला ऐकू किती येतं ते मोजणं. त्यासाठी एक लहानशी बंद खोली आहे. भिंतींना आतून काथ्या आणि वर जाड कापड, खाली गालिचा, एक खुर्ची, एक दुहेरी काचेची खिडकी. माणूस आत, मी आणि यंत्र बाहेर. त्याच्या कानांवर हेडफोन. मी यंत्रातून एकेक सूर सोडते, आधी मोठा, मग बारीक, मग त्याहून बारीक. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. नाही आला की गप्प बसायचं. खर्जातल्या सुरांपासून शिट्टीसारख्या चिरक्या सुरांपर्यंत जायचं आणि दर वेळी अगदी शेवटी जो ऐकू आला त्याची खूण कागदावर करायची. उजव्या कानाला तांबडा गोल, डाव्याला निळी फुली. खुणा जोडल्या की कानाचा आलेख होतो. तो घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो.

ऐकायला सोपं आहे. पण लोक बोट वर करत नाहीत. काही जण मान हलवतात, काही जण "हो" म्हणून ओरडतात, आणि काचेतून ते मला ऐकू येत नाही. काही जणांना वाटतं ही परीक्षा आहे, म्हणून सूर नसतानाही बोट वर. उमरेडहून आलेल्या एका मालगुजारांनी पंधरा मिनिटं बोट खालीच आणलं नाही. विचारलं तर म्हणाले, "बाई, मले सतत काही ना काही आयकू येऊनच राहिलं आहे."

आणि उन्हाळा. नागपूरचा मे महिना मी बाहेरच्या माणसाला समजावून सांगत नाही, त्याने येऊन बघावा. दवाखान्याला वाळ्याचा कूलर होता. पण कूलर चालू असला तर त्याची घरघर तपासणीच्या खोलीत येते, खर्जातले सूर त्यात बुडतात. म्हणून तपासणी सुरू झाली की कूलर बंद. बाहेर बाकावर बसलेली वीस माणसं त्या क्षणी माझ्या नावाने खडे फोडत. आतला माणूस घामाने भिजत नसे, हेही लक्षात घ्या. त्या कोरड्या हवेत घाम यायच्या आधीच वाळतो. ओठ फुटतात, लाकडी कपाटाची दारं आकसतात, कागद कुरकुरीत होतात. अशा हवेत आमच्याकडे लोकांना कानांत झटके बसू लागले.

पहिली तक्रार माझ्या वहीत एप्रिल १९७८ ची आहे. मे महिन्यात तर रोज एक. मी सगळ्यात आधी वायरमनला बोलावलं. त्याने सगळी बटणं तपासली आणि "मॅडम, अर्थिंग पक्की आहे" म्हणून गेला. पुन्हा बोलावलं. पुन्हा पक्की. तिसऱ्यांदा मी त्याला स्वतःला खुर्चीत बसवून हेडफोन लावला. टच्च. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हे माझ्या लाइनचं काम नाही, कंपनीचा माणूस बोलवा." कंपनीचा माणूस मुंबईहून आला, यंत्र उघडलं, बंद केलं आणि यंत्र निर्दोष असल्याचं लिहून दिलं. तेवढ्यात पाऊस सुरू झाला, झटके बंद झाले, आणि मी वहीत लिहिलं, "दुरुस्ती झाली." थंडीत पुन्हा सुरू. तेव्हा मी ते वाक्य खोडलं.

बरं, सगळ्यांना त्याचा त्रासच व्हायचा असंही नाही. इतवारीतल्या एक आजीबाई होत्या, नातवाचा हात धरून यायच्या. त्यांना पहिल्या झटक्यानंतर कानातला गुंजारव कमी वाटला. पुढच्या सोमवारी दारात हजर.

"तपासणी नको मले. तो करंट द्या."

"आजी, आम्ही करंट देत नाही."

"काहून देत नाही? मागच्या बारीले दिला की. गरीब मानूस पाहून नाई म्हनून राहिल्या का?"

गणपतराव औषधांच्या खिडकीतून हसत होते. त्यांच्याकडे मी असं पाहिलं की खिडकी लागली. पण आजींना मी काय सांगणार? माझ्या हातून काय दिलं जातं आहे ते मलाच माहीत नव्हतं.

मी संशयितांची यादी केली. खुर्ची, कारण तिची बैठक रेक्झिनची. गालिचा. हेडफोनची धातूची पट्टी. वायर. बायकांच्या कानांतल्या कुड्या आणि रिंगा, ज्या नवरा जिवंत असताना काढायला कुणी तयार नसे. एकेक करून सगळं तपासलं. खुर्ची बदलली, गणपतरावांच्या घरचं लाकडी स्टूल आणलं. वायर बदलली. पट्टीला सुती फीत गुंडाळली, ती तिसऱ्या दिवशी सुटली. प्रत्येक गोष्टीपुढे तारीख आणि निकाल. ती यादी अजून माझ्याजवळ आहे. चांगली यादी आहे. तिच्यात एक नाव नाही.

दरम्यान डॉक्टरांना वेगळीच गोष्ट दिसली. आमचे डॉक्टर हुशार आहेत, हात हलका आहे, पण त्यांना मोठ्या गोष्टी शोधायची हौस आहे. त्यांनी दोन उन्हाळ्यांचे आलेख पुढे घेतले आणि मला बोलावलं.

"मंदाताई, हे बघा. डावा कान. सगळे डावे कान. खर्जातले सूर पडलेले आहेत. आणि फक्त कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात एकही नाही."

मी बघितलं. खरंच होतं. निळ्या फुल्या आलेखाच्या खर्जाच्या बाजूला खाली घसरलेल्या.

"ही लू आहे," डॉक्टर म्हणाले. "आपल्या लोकांच्या डाव्या कानाला लूची गरम झळ लागते. सायकलवाला रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, बसमध्ये लोक..." बसमध्ये लोक कुठल्या बाजूला बसतात याबद्दल त्यांनी बरंच सांगितलं. ते सगळं त्यांनी लिहायला घेतलं. जबलपूरला कानाच्या डॉक्टरांची बैठक होती, तिथे हा निबंध वाचायचा होता. आलेख मोजून, वर्गवारी करून द्यायचं काम माझ्याकडे. मी ते मोठ्या टापटिपीने केलं. त्याची मला आज लाज वाटते, पण टापटीप होती हे खरं.

आता सुनंदाकडे येते.

तिची एका मोठ्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवड झाली होती. लेखी झाली, मुलाखत झाली, उरला होता कानांचा दाखला. प्रशिक्षण सोमवारी, एकवीस तारखेला सुरू व्हायचं होतं. वडील नव्हते. आई वत्सलाबाई महापालिकेच्या शाळेत शिपाई, आणि धाकटी दोन भावंडं. घरातली पहिली पक्की नोकरी म्हणजे काय असतं ते मला कुणी सांगायला नको. आमच्याही घरात पहिली मीच.

मंगळवारच्या तपासणीत तिचा उजवा कान स्वच्छ आला. डावा पडला. खर्जात फुल्या खाली, बाकीच्या उन्हाळी डाव्या कानांसारख्याच. डॉक्टरांनी आलेख बघितला, "आणखी एक" असं म्हणून दाखल्यावर लिहिलं, "डाव्या कानाची श्रवणक्षमता कमी," आणि बंद पाकिटात तिच्या हाती दिलं. तिने बुधवारी ते पाकीट न उघडता कार्यालयात नेऊन दिलं. तिथल्या कारकुनाने उघडून तिला वाचून दाखवलं.

गुरुवारी सकाळी वत्सलाबाई दवाखान्याचं दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या होत्या. सुनंदा बाजूला उभी, डोळे सुजलेले. गुरुवारी डॉक्टर ऑपरेशनला जातात, बारापर्यंत येत नाहीत. म्हणून सगळं माझ्यावर.

"मॅडम, माह्या पोरीचा कान कोनं खराब केला?"

"कान कुणी खराब करत नाही, वत्सलाबाई. यंत्रात जे येतं ते आम्ही लिहितो. यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र नसन बोलत. पन माही पोरगी बी भैरी नाई. मी चुलीपाशी तोंडातल्या तोंडात पुटपुटली तं ते बी आयकते आन् उलटून बोलते."

"आई, जाऊ दे नं," सुनंदा म्हणाली.

"तू चूप राय वं. इकडे ये."

त्यांनी मुलीला बोळात उभं केलं, तिचा उजवा कान स्वतःच्या तळहाताने दाबला, हात लांबवता येईल तेवढ्या मागे सरकल्या आणि काहीतरी कुजबुजल्या. मला ऐकू आलं नाही. सुनंदा म्हणाली, "कांदे संपले." पुन्हा कुजबुज. "घंटा वाजवायची वेळ झाली." पुन्हा. सुनंदा गप्प.

"पाहा," मी म्हणाले, "हे नाही ऐकू आलं."

"आलं मॅडम," सुनंदा म्हणाली. "पण ती तुम्हाला शिवी देऊन राहिली."

मी दार उघडलं आणि म्हटलं, चला आत.

खरं सांगायचं तर मी त्यांचा हट्ट मोडायला घेऊन गेले. माझ्या आलेखावर माझा एवढा विश्वास होता. सुनंदाला सांगितलं, परवा बसली होतीस अगदी तशीच बस. कूलर बंद केला. हेडफोन लावला. टच्च. तिने डोळे मिटून घेतले पण हलली नाही. मी बाहेर येऊन यंत्रापाशी बसले, आणि पहिला सूर सोडायच्या आधी काचेतून बघितलं.

तिचा डावा हात वर गेला. अंगठा हेडफोनच्या डाव्या वाटीखाली. जणू काही लक्ष देऊन ऐकण्यासाठी कानाशी हात नेला आहे.

हे मी दोन उन्हाळे बघत होते. कितीतरी माणसं असाच हात नेत. मला वाटायचं, किती मन लावून ऐकतात बिचारे.

मी आत गेले. "हात कशाला वर नेतेस?"

"थोडंसं उचलून धरते, मॅडम. पुन्हा झटका बसला तर? आवाज तर येतोच ना. तरी येतो."

तरी येतो. येतो, पण सगळा येत नाही. हेडफोनची वाटी कानावर घट्ट बसली नाही की फटीतून आवाज निसटतो, आणि आधी निसटतात ते खर्जातले सूर. शिट्टीसारखे चिरके सूर तसेच राहतात. हे मला शिकताना पहिल्या आठवड्यात सांगितलेलं होतं. त्यामुळे तर वाटी नीट बसवायची शिस्त असते. आणि मी ती बसवून बाहेर गेले की लोक तिला अंगठ्याने हळूच उचलत होते.

डावीच का? उजव्या बाजूला भिंत आहे. मी नेहमी डावीकडून हेडफोन घालते. आधी डावी वाटी टेकते. झटका डाव्या कानाला. मग धाक डाव्या कानाचा. लू, सायकल, बस, यांच्यातलं काहीही नाही.

मी खाली स्टुलावर बसले. वत्सलाबाई दारातून हे सगळं बघत होत्या. त्या पुढे आल्या.

"मी लावून पाहू का?"

त्यांनी हेडफोन उचलला आणि मुलीच्या कानांवर ठेवला. काही नाही. काढला, पुन्हा ठेवला. काही नाही. "लागला का वं?" "नाही." मग मला म्हणाल्या, "आता तुमी लावा."

मी उभी राहिले, गालिच्यावरून दोन पावलं चालले, हेडफोन घेतला आणि लावला. टच्च.

"मॅडम," वत्सलाबाई म्हणाल्या, "करंट तं तुमच्यातच हाय."

आणि खात्रीसाठी त्यांनी मला पुन्हा गालिच्यावरून चालवलं आणि आपलं एक बोट माझ्या कोपराजवळ आणलं. खोलीत उजेड कमी होता. ठिणगी आम्हां तिघींना दिसली. बारीक, निळी.

त्यांच्या अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं होतं. माझ्या अंगावर नायलॉनची आकाशी साडी, दवाखान्याचा गणवेश. कोरड्या हवेत नायलॉन अंगाला आणि गालिच्याला घासलं की अंगात वीज साठते. केसांत कंगवा घासून कागदाचे कपटे उचलतात, तीच ही. ओलसर हवा तिला वाहून नेते, म्हणून पावसाळ्यात सगळं शांत. कोरड्या हवेत ती बसून राहते आणि पहिलं जे शिवेल त्याच्यावर उडी मारते. मी दिवसाला तीस वेळा त्या गालिच्यावरून चालत जाऊन लोकांच्या कानांवर धातूची पट्टी टेकवत होते. मला स्वतःला कपाटाच्या मुठीचे, नळाचे झटके बसत नव्हते का? बसत होते. सासूबाई म्हणायच्या, तुझी प्रकृती उष्ण आहे, आणि मला रोज सब्जाचं पाणी द्यायच्या. मी पीत होते.

साड्या कुठून आल्या तेही सांगते. गांधीबागेतले एक कापडवाले शेटजी, कान बरा झाला म्हणून खूश होऊन त्यांनी शैलाला आणि मला चार-चार साड्या दिल्या. "बाईजी, प्योर नायलॉन है. बीस साल फटेगा नहीं." डॉक्टरांनी तोच गणवेश ठरवला. साड्या मिळाल्याची नोंद माझ्या कपड्यांच्या वहीत आहे, गुढीपाडवा, एप्रिल १९७८. पहिल्या झटक्याची नोंद तक्रारींच्या वहीत, एप्रिल १९७८. दोन्हीकडे अक्षर माझं. दोन्ही वह्या एकाच खणात. मी त्या कधी शेजारी उघडल्या नाहीत, कारण कपड्यांची वही महिनाअखेरीस उघडायची असते आणि तक्रारींची रोज.

त्या सकाळी पुढची तपासणी अशी झाली: हेडफोन वत्सलाबाईंनी बसवला, वाट्या मी सांगितलं तशा दाबल्या, मुलीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर ठेवले आणि मी बाहेरून सूर सोडले. दोन्ही कान निर्दोष. इतका सरळ आलेख महिन्यातून एखादा येतो.

बारा वाजता डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, आलेख उलटसुलट केला.

"म्हणजे लू नाही?"

"नाही."

"एकाही कानाची नाही?"

"मला नाही वाटत, डॉक्टर."

त्यांनी आलेख टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दुसरा दाखला तयार करा. कारण काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा, तपासणी तुमची आहे. मी सही करतो."

इथे मला त्यांच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी मला अडवलं नाही. मी टाइपरायटरपुढे बसले आणि लिहिलं: "तांत्रिक कारणामुळे दि. १५ ची तपासणी ग्राह्य धरू नये. पुनर्तपासणीत दोन्ही कान निर्दोष." डॉक्टरांनी सही केली. मी कागद सुनंदाला दिला. आईने तिला मोठ्याने वाचायला लावलं.

"तांत्रिक कारन म्हंजे कोन?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"कोण नाही, वत्सलाबाई. तसं लिहायची पद्धत असते."

"असन," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर कार्यालयात गेले. दवाखान्यातून सुट्टी काढून गेले, हे मी स्वतःच्या बाजूने नोंदवते, कारण दुसरं फारसं काही नाही. साहेबांनी दोन्ही दाखले शेजारी ठेवले.

"कसलं तांत्रिक कारण? यंत्र बिघडलं होतं?"

"नाही. म्हणजे... यंत्र आता ठीक आहे."

"कधी दुरुस्त झालं? दुरुस्तीचा कागद?"

यंत्र दुरुस्त झालंच नव्हतं, कागद कुठून असणार? साहेब माझ्याकडे बघून हसले. "बाई, मंगळवारी कान बंद, गुरुवारी कान उघडला. तुमच्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "असे दाखले कसे मिळतात ते मला माहीत नाही असं समजू नका."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. साहेब, चूक माझी आहे. माझ्या साडीने लोकांना झटके बसतात, या मुलीने भीतीने वाटी उचलून धरली, आणि मी काचेतून बघत असूनही बघितलं नाही. तीन वाक्यं. पण समोर पंखा फिरत होता, दोन कारकून ऐकत होते, आणि साडीतून वीज येते हे सांगितलं तर ते हसतील असं मला वाटलं. शिवाय माझ्या सहीचे आलेख पोलीसभरतीत जातात, कोर्टात जातात. ते सगळे कुणी उकरले तर? हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात येऊन गेलं आणि मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तिथे पुन्हा तपासून घ्या."

साहेबांनी तेच लिहिलं. सरकारी मंडळाकडून तपासणी, तोवर पुढच्या तुकडीत विचार. सोमवारची तुकडी सुनंदाशिवाय सुरू झाली.

जिन्यावरून उतरताना वत्सलाबाई थांबल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि या वेळी ऐकू येतील अशा.

"मॅडम, मले लिहाले येत नाई," त्या म्हणाल्या. "तुमाले तं येते."

एवढंच. मग मुलीला म्हणाल्या, "चाल वं, पायीच जाऊ."

मंडळाची तपासणी दिवाळीनंतर झाली. कान निर्दोषच होते. सुनंदा पुढच्या जानेवारीत रुजू झाली.

दवाखान्यात मी आठ दिवसांत सगळं बदललं. गालिचा गेला, त्या जागी तरटाचा ओला तुकडा. सुती साडी. हेडफोन उचलण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा, असेल नसेल ती वीज तिथे टाकायची. पेशंटचे हात मांडीवर, आणि नजर त्याच्या हातांवर. दोन उन्हाळ्यांचे डावे कान मी पत्रं टाकून पुन्हा बोलावले. बरेच आले आणि बरेच रागावले, त्यांचा हक्क होता. डॉक्टर जबलपूरला गेले, निबंध वाचला नाही. शेटजींना साड्या परत पाठवल्या तर त्यांनी निरोप धाडला, "अगले साल टेरीकॉट दूँगा." गुंजारवाच्या आजी एकदा येऊन खुर्चीत बसून गेल्या आणि बाहेर सगळ्यांना सांगत सुटल्या, "आता काई दम नाई राहिला यांच्या मशीनीत."

सुनंदाचं आता लग्न झालं आहे, एक मुलगी आहे. कधी कामानिमित्त धंतोलीत आली की दवाखान्यात डोकावते. माझ्यावर तिचा राग आहे असं तिने कधी दाखवलं नाही, आणि त्यामुळे मला तिच्याशी बोलायला अवघड जातं. तिच्या कामात आठ तास कानांवर हेडफोन असतो. थंडीत तिथेही झटके बसतात. तिने स्वतःच सगळ्या मुलींना सुती साड्या नेसायला लावल्या, आणि वरिष्ठांना वाटतं ही त्यांची कल्पना.

पण मे महिन्याच्या तुकडीतल्या सगळ्या मुली सेवाज्येष्ठतेत तिच्या वर आहेत. बढतीची यादी लागली की त्या पुढे जातात आणि ही त्यांच्यानंतर. यंदा ज्येष्ठतेच्या यादीवर हरकती मागवल्या आहेत. सुनंदाने अर्ज केला आहे. अर्जासोबत तिला आमच्याकडून एक पत्र हवं आहे, पहिली तपासणी चुकली ती कशामुळे, याचं. ती पाऊस सरता सरता आली होती.

"तांत्रिक कारण चालणार नाही म्हणतात, मॅडम. कारण स्पष्ट लिहून द्या, म्हणतात."

वत्सलाबाई बरोबर होत्या. केस पांढरे झाले आहेत. शाळेतून निवृत्त झाल्या. त्या बाकावर बसून राहिल्या.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा, मंदाताई. तेव्हाही मी नाही म्हटलं नव्हतं." त्यांचंही खरं आहे.

त्या दिवसापासून मी त्या पत्राचे चार मसुदे केले. पहिल्यात लिहिलं, "हवामानातील कोरडेपणामुळे." दुसऱ्यात, "स्थिर विद्युतभारामुळे." तिसऱ्यात, "तत्कालीन गणवेशाच्या कापडामुळे." चौथ्यात, "रुग्णाने हेडफोन उचलून धरल्यामुळे," आणि हे लिहिल्यावर मी तो कागद फाडला, कारण त्यात सगळा दोष तिचाच होत होता. चारही मसुद्यांत हवा आहे, वीज आहे, कापड आहे, पेशंट आहे. तपासणारी बाई एकाही मसुद्यात नाही.

इथे, या पानांवर, मी सगळं लिहिलं आहे आणि ते लिहायला मला तीन दुपारी पुरल्या. पण दिवाळी अंकातलं कात्रण लावून कुणाची ज्येष्ठता बदलत नाही. त्यांना लेटरहेडवर हवं आहे, सहीनिशी.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा हरकतींच्या मुदतीचे आठ-दहा दिवस उरलेले असतील. लेटरहेड टाइपरायटरवर चढवलेलं आहे. तारखेची जागा सोडली आहे. सुनंदाचं नाव, पत्ता, वहीतला नोंद क्रमांक, दोन्ही आलेखांच्या नकला जोडल्याचा उल्लेख, हे सगळं झालं आहे. "पहिल्या तपासणीतील चुकीचे कारण" इथपर्यंत ओळ आली आहे. पुढचं टाइप करायचं राहिलं आहे.